तळहातावरचं दही

आमच्या घरमालकीणबाईंच्या दारातून कोणालाही कोरड्या हातानं बाहेर पडता यायचं नाही. परीक्षेला किंवा प्रवासाला निघालेल्याच्या हातावर दही सगळेच घालतात. बाईंना निघणारा कोणीही चालायचा. गॅसची टाकी आणून देणारा, विजेचं मीटर बघायला आलेला, जो कोणी दारातून परत फिरेल त्यानं उजवा हात पुढं करायचा, बाई त्यावर चमचाभर दही घालणार, ते चाटून टाकायचं आणि मगच चपला घालायच्या. पोस्टमन तर आधी हात पुढं करायचा आणि मग पत्र द्यायचा. मी नवा भाडेकरू, पहिल्याच सकाळी सांगून बघितलं की मला दही सोसत नाही, सर्दी होते. त्यावर बाई म्हणाल्या, होऊ दे, सर्दी झालेला माणूस निदान घरी परत येतो. मला त्यातलं काही उमगलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून निमूट हात पुढं करायला लागलो.

बाईंची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या ऑपरेटर होत्या. रिटायर झाल्या तरी एक्स्चेंज काही अंगातून गेलं नव्हतं. दार उघडलं की 'या' नाही, 'बसा' नाही, सरळ 'बोला'. बोलता बोलता उठून आत जायचं झालं तर समोरच्याला 'लाईनवर राहा' म्हणून बजावायच्या. भाजीवाला भाव करत बसला की 'वेळ संपली तुमची', आणि एखाद्याचं बोलणं आवडलं नाही की 'राँग नंबर' म्हणून तोंडावर दार बंद. लग्न केलं नव्हतं. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत वडिलांनी बांधलेलं घर होतं, खाली त्यांच्या दोन खोल्या, वर माझी एक. माझ्या खिडकीखाली शेजारच्या घराचं पत्र्याचं छप्पर होतं.

मी देवगाव रंगारीचा. आमच्या घरात शेती सोडून पगार घेणारा मीच पहिला. एमआयडीसीतल्या कंपनीत लागलो होतो, क्रांती चौकातून बस पकडायची, आणि अजून कायम झालेलो नव्हतो. एक रजा घेतली असती तरी कायम होण्याचं राहिलं असतं. हे सांगून ठेवतो, कारण पुढं याचाच घोळ झाला.

कुत्रा आणला मीच. आमच्या खात्याच्या साहेबांची बदली झाली, ते म्हणाले दोन-चार दिवस सांभाळ, नेतो नंतर. साहेबांना नाही कोण म्हणणार! त्यांचा टेम्पो निघाला तेव्हा दोरी माझ्या हातात होती. कुत्र्यानं टेम्पोमागं अशी झेप घेतली की मी तोंडावर आपटलो. साहेब काही परत आले नाहीत, त्यांना यायचंही नव्हतं. तांबूस रंगाचा, उभ्या कानांचा, अंगानं दांडगा गडी. नाव बादशहा, आणि फटाका वाजला की माझ्या खाटेखाली.

जागा देताना बाईंनी बजावलं होतं की घरात जनावर चालणार नाही. बॅग भरायची तयारी ठेवूनच मी त्याला दारात उभा केला. 'बोला,' बाई म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. तो आमच्याकडं बघतच नव्हता, गल्लीच्या तोंडाकडं बघत होता. बाईंनी एवढंच विचारलं, ते लोक याला सांगून गेले का? मला हसू आलं. म्हटलं, कुत्र्याला काय सांगायचं बाई? त्यांनी माझ्या हातातून दोरी काढून घेतली आणि त्याला आत नेलं. मी बाहेरच राहिलो.

तेव्हापासून तो बाईंचा झाला. बाई न्हाणीघरात गेल्या की हा दाराला नाक लावून बसायचा. बाई समोर खालाकडं गेल्या की हा रडायला लागायचा. खाला म्हणजे समोरच्या घरातल्या एकट्या राहणाऱ्या विधवा बाई, आमच्या बाईंच्या लहानपणापासूनच्या मैत्रीण. त्यांना कुत्र्याची जबर भीती. मी कामावर आणि बाई बाजारात अशी वेळ आली तर बादशहा घर डोक्यावर घ्यायचा. दार ओरबाडून नखांतून रक्त काढायचा. तोंडातून लाळेची तार लागायची. परत येऊन बघावं तर फरशी ओली, दाराच्या फळीवर लाल रेघा, आणि हा कोपऱ्यात थरथरत उभा. बाई त्याचे पंजे हळदीनं भरायच्या आणि मला म्हणायच्या, याला नीट सांगून जात जा.

म्हणून त्यांनी त्यालाही दही सुरू केलं. मी निघालो की माझ्या हातावर चमचा, मग त्याच्या जिभेवर. त्या स्वतः निघाल्या की आधी त्याच्या जिभेवर चमचा, मग दाराला कुलूप. एवढं सांगूनसवरून गेल्यावर त्यानं शांत बसावं अशी त्यांची अपेक्षा. पण तो दिवसेंदिवस जास्तच बिघडत गेला. आम्हाला कळेना, लाड कमी पडतायत की जास्त होतायत.

मग एका दुपारी बाई लोकर आणायला बाजारात गेल्या. बादशहानं माझ्या खिडकीची जाळी दातानं फाडली, बाहेर उडी घेतली आणि पत्र्यावरून घसरत कडेला आला. खालांनी बघितलं. बाई गल्लीत शिरत होत्या आणि खाला रस्त्यात उभ्या राहून ओरडत होत्या, "आपा, कुत्ता छत पो लटक रा!" कुत्र्याच्या वाऱ्याला उभ्या न राहणाऱ्या खाला घरातली गोधडी घेऊन पत्र्याखाली उभ्या राहिल्या होत्या. तो गोधडीसकट त्यांच्यावर पडला. दोघंही वाचले. त्याचा पुढचा पाय मात्र पत्र्यानं उभा फाटला होता. जनावरांच्या डॉक्टरनं टाके घातले आणि सांगितलं, या वेळी पायावर निभावलं, पुढच्या वेळी पाठ मोडेल. मी खिडकीला फळ्या ठोकल्या. पण मला माहीत होतं, तो दुसरी वाट शोधणार.

आणि नेमकं त्याच दिवसांत बाईंच्या डोळ्याचं निघालं. उजवा डोळा त्यांनी पूर्वीच अंगावर काढून घालवला होता. डाव्यात मोतीबिंदू पिकला होता, आत दाब वाढत होता. डॉक्टरांनी साफ सांगितलं, आता ऑपरेशन केलं तर हा डोळा राहील, उशीर केला तर हाही जाईल, मग कोणी काही करू शकणार नाही. एक-दोन रात्री दवाखान्यात राहावं लागणार होतं. बाईंनी तारीख घेतली आणि मोडली. पुन्हा घेतली, पुन्हा मोडली. कारण एकच, याला कोण बघणार?

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाई, कुत्र्यापायी डोळा घालवणार का तुम्ही?"

"डोळा जाणार हे डॉक्टरांनी मला सांगितलंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे तो सांगून चाललाय. याला सोडून गेले त्यांनी सांगितलं होतं का?"

कपाळ माझं! मला रजा नाही. खाला दारापर्यंत येतील, आत पाऊल टाकणार नाहीत. बांधून ठेवू म्हटलं तर बाईंचा जीव वर-खाली व्हायचा. शेवटी मी म्हणालो, लई झालं, मी त्याला देवगावला आमच्या शेतात सोडतो, तिथं चार कुत्र्यांत राहील. बाईंनी माझ्याकडं बघितलं, 'राँग नंबर' म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

रविवार होता. मी बनियनवर बसून चपलेचा अंगठा शिवत होतो. बाई कढी करत होत्या. बादशहा माझ्या पायाशी झोपलेला. बाईंनी दह्याच्या भांड्यावरचं झाकण काढलं, त्याचा आवाज झाला, आणि हा ताडकन उठला. कान मागं, शेपूट पोटात, तोंडातून लाळ. धावत जाऊन दाराला आडवा पडला. कोणीच कुठं निघालेलं नव्हतं. मी बाईंना म्हटलं, झाकण पुन्हा ठेवा आणि पुन्हा काढा. त्यांनी काढलं. बादशहा रडायला लागला.

"बाई," मी म्हणालो, "ह्याला दह्याची भीती बसलीय. दही निघालं की घर रिकामं होतं, एवढंच त्याला मालूम."

बाईंच्या हातातला चमचा भांड्यात पडला. त्या तिथंच फरशीवर बसल्या. ज्या दह्यानं त्या माणसं सांभाळत होत्या त्यानंच याच्या काळजात धडकी भरत होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला वाटलं, बोललो नसतो तर बरं झालं असतं. कढी उतू गेली तरी त्या हलल्या नाहीत. मीच उठून गॅस बंद केला.

मग त्यांनी मला वडिलांचं सांगितलं. तोवर कधी सांगितलं नव्हतं. वडील निजामाच्या कचेरीत कारकून होते. रझाकारांचे दिवस, बाई तेव्हा लहान. एका सकाळी वडील जालन्याला निघाले, टांगा दारात उभा. आई म्हणाली, जा गं, दही आण. भांडं उंच फळीवर होतं, बाईंचा हात पुरत नव्हता. पाट आणला, पाटावर डबा ठेवला, चढून भांडं काढलं. टांगेवाला घाई करत होता.

"मी वाटी घेऊन दारात आले तर दारात कोणी नव्हतं," बाई म्हणाल्या. "पोलिस ॲक्शन झाली. पळालेली माणसं परत आली. गल्लीत रोज कोणी ना कोणी परत येत होतं. मी वाटी घेऊन उभी राहायची रे."

त्यांचे वडील आले नाहीत. कुठं गेले, काय झालं, कधीच कळलं नाही. पुढं बाईंनी लोकांचे आवाज गावोगाव जोडून देण्याची नोकरी धरली, ती का धरली असेल ते मला आता उमगलं.

मी हळूच म्हणालो, मग दही बंद करू या. त्या म्हणाल्या, ते माझ्यानं व्हायचं नाही. झालं! तिथंच विषय संपला असं मला वाटलं. पण संध्याकाळी बाई जिना चढून वर आल्या. हे त्या कधी करत नसत. दारात उभ्या राहून म्हणाल्या, एक्स्चेंजमध्ये नव्या पोरी यायच्या त्या प्रत्येक घंटीला दचकायच्या. आम्ही त्यांना सांगायचो, थांबा, घंटी इतकी वाजेल की ऐकू यायची बंद होईल. तसं करू. याला खोट्या घंट्या देऊ.

आणि सुरू झालं ते दह्याचं राज्य. आंघोळीला चाललो, हात पुढं कर. झोपायला चाललो, हात पुढं कर. बाई झाकण काढायच्या, माझ्या हातावर दही, बादशहाच्या जिभेवर दही, आणि कोणी कुठं जायचं नाही. मी तिथंच पेपर वाचत बसायचो. पहिले दिवस तो प्रत्येक वेळी दाराला आडवा पडायचा आणि थरथरायचा. मग नुसता उभा राहायला लागला. मग नुसते कान उभे. माझा घसा बसला, नाक वाहायला लागलं, कंपनीत सगळे विचारायचे काय झालं, त्यांना काय सांगू? मग दही देऊन चपला घालायच्या आणि परत काढायच्या. मग पायरीपर्यंत जायचं. मग बाई दही देऊन खालांच्या घरी जाऊन चहा घ्यायला लागल्या. खाला खिडकीशी कान लावून बसायच्या आणि बातमी द्यायच्या, चुप है आपा, अभी तक चुप है. आमच्या घरात कोणी आजारी असल्यासारखी सगळी गल्ली हळू बोलायची.

जमतंय असं वाटायचं आणि फिसकटायचं. एकदा बाई खालांकडं बसल्या असताना गल्लीतून वरात गेली, बँड वाजला, आणि बादशहानं दाराची खालची पट्टी चावून काढली. पायाचे टाके तुटले. पुन्हा पायरीपासून सुरुवात. इकडं बाईंना दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली होती. दाराची चौकट लागून कपाळाला टेंगूळ आलं. एका सकाळी मी कामाला निघालो, हात पुढं केला, आणि बाईंनी चमचा माझ्या हाताच्या शेजारी रिकामा केला. दही फरशीवर पडलं. बाई म्हणाल्या, ते बादशहासाठी टाकलं. मी बरं म्हटलं. पण जिन्याखाली जाऊन उभा राहिलो आणि मला रडू आवरेना. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली होती आणि सांगितलं होतं की ही मोडली तर माझ्याकडं येऊ नका, उपयोग नाही.

एक गाठ मात्र सुटत नव्हती. खोट्या घंटीला बादशहा आता ढुंकून बघत नव्हता. पण बाई खरोखर बाजारात निघाल्या की तो उठायचा, लाळ गाळायचा. त्याला कसं कळायचं? मी लक्ष ठेवलं. खोटं दही देताना बाई हसायच्या, मला चिडवायच्या. खरं दही देताना त्यांचा हात थरथरायचा, चमचा भांड्यावर वाजायचा. कुत्र्याला त्यांच्या हातातलं भय कळत होतं. मी बाईंना तसं सांगितलं. म्हटलं, दवाखान्यात जायच्या दिवशी दही नको, बाई. कोणालाच नको. समोर चहाला निघाल्यासारख्या निघा.

बाईंनी भांड्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, लाईनवर राहा, आणि आत निघून गेल्या. बाहेर आल्याच नाहीत.

दवाखान्यात जायच्या सकाळी त्यांची पिशवी आम्ही आधीच खालांकडं पोचवली होती. बाई स्वयंपाकघराकडं फिरकल्या नाहीत. बादशहा दाराजवळ त्यांच्या जुन्या पातळाच्या घडीवर पडून बघत होता. बाईंनी चपला घातल्या. उंबऱ्यापाशी मात्र त्या थांबल्या आणि त्यांचा उजवा हात आपसूक पुढं आला, चमचा धरल्यासारखा, रिकामाच. बादशहानं मान वर केली. बाईंनी मूठ मिटली, हात पदराखाली घेतला आणि बाहेर पाऊल टाकलं. मी कुलूप लावलं. खाला पिशवी घेऊन रिक्षात बसल्या होत्या. दवाखान्यात बाईंना खाटेवर बसवून, खालांना त्यांच्यापाशी ठेवून मी निघालो तेव्हा बाईंनी मला 'येतो' म्हणू दिलं नाही, हातानंच जा म्हणून खुणावलं.

तो दिवस मी कंपनीत कसा काढला मलाच ठाऊक. मशीनपुढं उभा होतो आणि डोळ्यांपुढं पत्रा. बस क्रांती चौकात थांबली तसा उडी मारून उतरलो आणि पळत सुटलो. गल्लीत शिरलो तर काही आवाज नाही. रडणं नाही, ओरबाडणं नाही. ती शांतता मला सोसवेना. समोर खालांच्या दाराला कुलूप, विचारायचं कोणाला? आधी पत्र्याकडं बघितलं. काही नव्हतं. खिडकीच्या फळ्या जागच्या जागी. कुलूप काढताना किल्ली दोनदा खाली पडली.

तो दाराशी नव्हता. पातळाच्या घडीवर नव्हता. हाक मारली, आला नाही. स्वयंपाकघरात बघितलं तर दह्याच्या फळीखाली कुशीवर पडलेला, पाय ताणलेले. देवा! मी खाली बसून त्याच्या पोटावर हात ठेवला. त्यानं एक डोळा उघडला, शेपूट दोनदा फरशीवर आपटली, आणि परत मिटला. झोपला होता गडी, गाढ झोपला होता.

आणि फोन वाजला.

"बोला," पलीकडून बाई म्हणाल्या. फोन त्यांनीच केला होता, तरी.

मी मागं स्वयंपाकघराकडं वळून बघत होतो. त्या पुन्हा म्हणाल्या, "अरे, बोल ना. आहे ना तो?"

"लाईनवर राहा," मी म्हणालो. फोनची वायर स्वयंपाकघरापर्यंत पुरत नव्हती. पण फोनच्या आवाजानं बादशहा उठून जांभई देत माझ्या मागं आला होता. मी रिसीव्हर त्याच्या नाकापुढं धरला. त्यानं तो नीट हुंगला, जोरजोरात, आणि एकदा चाटला. मी कानाला लावला तर पलीकडं बाईंचा आवाज नाही. मागून खालांचा आला, "आपा, रोओ नक्को, पट्टी भीगती."

बाई घरी आल्या त्या हिरव्या पट्टीनिशी, खालांच्या खांद्यावर हात ठेवून. मी दार उघडलं. बादशहा आला, बाईंचे पाय हुंगले, शेपूट हलवली, आणि जाऊन आपल्या घडीवर आडवा झाला.

"एवढंच?" बाई म्हणाल्या. "बादशहा, एवढंच?" त्या चिडल्या होत्या की खूश होत्या, त्यांनाच कळत नसावं.

मग मला म्हणाल्या, दही आण. मी म्हटलं, कोण निघालंय आता? कोणी नाही, म्हणाल्या, तू आण. मी भांडं आणि चमचा घेऊन आलो. बाई उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. त्यांनी स्वतःचा उजवा हात पुढं केला, तळवा वर. इतक्या दिवसांत बाईंच्या हातावर कोणी दही घातलेलं मी बघितलं नव्हतं. त्यांना कोणी घालणारच नव्हतं. मी झाकण काढलं, आवाज झाला. बादशहानं मान वर करून आम्हा सगळ्यांकडं बघितलं आणि परत पंजांवर ठेवली. मी चमचाभर दही त्यांच्या तळहातावर घातलं. बाईंनी ते पट्टी सांभाळत हळूहळू चाटून संपवलं, हात पदराला पुसला, आणि म्हणाल्या, "राहिलं होतं ते."